छतावरचा रस्ता

कारखान्यात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, आणि तेव्हाही ती दुसऱ्या हाकेलाच उठायची. चादरींचं आणि पडद्यांचं कापड छापायचा तो कारखाना, आणि बाई तिथे नक्षी काढायची. फुलं-पानं काढणारे आणखी दोघंतिघं होते. चांगली काढायचे, कोणाचं वाईट कशाला बोला. पण ठिपके काढावेत ते बाईनंच. कागदावर ठिपका टेकवला की तो असा बसायचा, जणू कागद त्याच्याचसाठी आणला होता.

तिचा नवरा ट्रक चालवायचा, लांब पल्ल्याचा. पोटासाठी चालवायचा असं कोणी म्हणालं तर त्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या पायाला भिंगरीच होती, पोट हे निमित्त. घरी आला की एक दिवस बरा जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो दारातून खिडकीत आणि खिडकीतून दारात सुरू व्हायचा. जेवायला बसला तरी मांडीखालचा पाय हलत असायचा. शेवटी तीच वैतागून म्हणायची, जा एकदाचे. मग तो निघायचा, आणि वर “तूच म्हणालीस” म्हणायला मोकळा. लेक लग्न होऊन परगावी गेल्यापासून घरात बाई एकटीच. असा त्यांचा संसार. भांडण नाही, तंटा नाही. भांडायला माणूस घरात तरी हवा ना.

असा माणूस मानेवर पडला.

भरलेल्या ट्रकवर चढून ताडपत्री बांधत होता. ताणलेला दोर तुटला आणि हा वरून खाली. जीव वाचला हेच खूप. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरून सरळ सांगितलं की मानेचा मणका तडकलाय. हाड आपलं आपण जुळेल, ऑपरेशनची गरज नाही. पण जुळेपर्यंत उताणं पडून राहायचं, डोकं दोन वाळूच्या पिशव्यांमध्ये, नजर वर. मान वळली आणि आतला तुकडा सरकला, तर मानेखालचं सगळं गेलं समजा, आणि गेलेलं परत यायचं नाही. आत्ता हातपाय चालतायत ते तुमचं नशीब, असंही वर म्हणाल्या.

नशिबाची चुणूक त्याला दवाखान्यातच मिळाली. बाहेरच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, ओळखीचा भोंगा वाजला आणि याचं डोकं आपसूक तिकडे वळलं. वळलं म्हणजे किती, दोन बोटं असेल. तेवढ्यात उजवा हात खांद्यापासून मेला. चिमटा काढला तरी कळेना. संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या आणि हात परत आला, पण तोवर बाईचा जीव जायचा बाकी होता. त्यानंतर तो खरंच घाबरला. फक्त अडचण अशी की भीती त्याला वाटली, मानेला वाटली नाही. उभा जन्म दोन्ही बाजूंचे आरसे बघण्यात गेलेली मान ती. कुठे खुट्ट झालं की निघाली.

पुढे त्याला घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत खाट मांडली. वर छत. ते छत बाईनं आदल्या वर्षीच हौसेनं पांढरंशुभ्र करून घेतलं होतं, आणि आता त्या हौसेचा तिला पश्चात्ताप होत होता. बघायला एक तडासुद्धा नाही. पंखा होता तो खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, त्याच्या नजरेच्या बाहेर.

दिवसा बाई कामावर जायची आणि तिची नणंद भावापाशी येऊन बसायची. वन्सं मनानं चांगल्या, पण तोंडाला विसावा नाही. त्या बोलत राहायच्या, हा ऐकत राहायचा, ऐकता ऐकता चिडायचा. पहिल्यांदा तो चमच्यावर चिडला, मग वन्संवर, मग माशीवर. नंतर चिडायचाही थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. बाई आली की त्याच्या चेहऱ्यावर वाकायची, म्हणजे त्याला ती दिसायची. तो बघायचा आणि डोळे मिटायचा. त्याला बायको आता तेवढीच दिसत होती, वरून वाकलेला एक चेहरा.

एक दिवस उशी नीट करताना तिच्या लक्षात आलं की डावीकडची वाळूची पिशवी बोटभर सरकली आहे. तिच्या काळजाचं पाणी झालं. हे काय, असं तिनं विचारलं. तो बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता.

“मी मुद्दाम नाही करत. वर काही नाहीच आहे बघायला. म्हणून मान बाजूला शोधायला जाते. मी तिला धरून ठेवतो, पण झोप लागली की सुटते.”

तिनं पिशवी परत दाबून बसवली आणि आत जाऊन पदर तोंडात धरून रडली. रडून काही होत नाही हे तिलाही ठाऊक होतं. पण कधीकधी माणूस त्यासाठी रडतच नाही.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. नवी नक्षी छापून झाली की तिचं एक कापड जेवणाच्या खोलीत भिंतीवर टांगायचं आणि सगळ्यांनी तिच्यासमोर बसून डबे खायचे. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, काय कलेची भक्ती आहे इथे. भक्ती कसली. जुनी अद्दल होती ती, आणि अद्दल घडवली होती खुद्द ठिपकेबाईनं.

फार वर्षांपूर्वी तिनं एक चादर काढली होती. ठिपक्यांची मोठमोठी वर्तुळं, आणि प्रत्येक वर्तुळात रंगांचा क्रम एकच. काळा, निळा, पांढरा, पिवळा, पुन्हा काळा, निळा, पांढरा, पिवळा, असं गोल गोल. कापड तपासायला चारजण बसले. आता कापड तपासणारा माणूस कसा बघतो? जिथे नक्षीचा एक तुकडा दुसऱ्याला जोडला जातो, तिथे टक लावून, डोळ्यांत तेल घालून. ठिपका हलला का, रंग पसरला का. चौघांनी टक लावली, चौघांनी मान डोलावली, मालक खूश झाले, चादरी बाजारात गेल्या. आणि गेल्या तशा परत आल्या. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, चादर चालते. कोणी म्हणे, चाकं फिरतात. एक म्हातारी म्हणाली, पहाटे उठून बघते तर अंथरूण निघालेलं. मालकांनी आकाशपाताळ एक केलं. चादरीला काय पाय फुटलेत का, म्हणाले.

परत आलेल्या गठ्ठ्यातली एक चादर कोणीतरी सहज जेवणाच्या खोलीत टांगली. जेवता जेवता एकाचा घास हातातच राहिला. तो म्हणाला, अहो, चालतेय की खरंच. मग सगळ्यांनाच दिसलं. टक लावली की ती चादर गरीब गायीसारखी उभी राहायची. जेवताना नजर डब्यावरून भिंतीवर, भिंतीवरून शेजारच्याच्या डब्यात अशी फिरायला लागली की सगळी वर्तुळं हळूहळू गोल फिरायची. सगळी नव्हेत, नजर ज्याच्यावर असेल ते एक सोडून. मालकांना मात्र ती आजतागायत चालताना दिसलेली नाही. काहींच्या डोळ्यांना दिसतच नाही, त्याला कोण काय करणार? पण तेव्हापासून रीत पडली. नक्षी आधी जेवणापुढे टांगायची, मगच बाहेर पाठवायची.

तर पिशवी सरकली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई डबा उघडून बसली होती. समोर कोणाचीतरी पट्ट्यापट्ट्यांची गुणी नक्षी टांगलेली, अजिबात न हलणारी. ती बघता बघता तिला वाटलं, त्या माणसाला चालणारं काहीतरी हवंय आणि मान तर चालवायची नाही. डोळे तेवढे चालतात. नुसते डोळे चालवून जे चालतं असं काय आहे जगात? आणि मग तिचं तिलाच हसू आलं, कारण ते गोदामात पडलेलं होतं. त्या चादरींच्या कापडाचे तागे यंत्रांवर धूळ बसू नये म्हणून पांघरायला वापरत होते. डबा तसाच झाकून ती मालकांकडे गेली. मालक म्हणाले, न्या, न्या, एकदाची ती पीडा तरी जाईल. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. नवऱ्याची चौकशी केली आणि ठोकाठोकीला दोन माणसं बरोबर दिली.

घरी वन्संनी दारातच अडवलं. माझ्या भावाला बरं करायचंय की वेड लावायचंय, असं त्यांचं म्हणणं. कापड उलगडलं तसं त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं, भिंत धरली आणि मटकन खाली बसल्या. त्यानंतर त्या खोलीत त्या नेहमी कापडाकडे पाठ करून बसायच्या आणि भावाशी भिंतीकडे बघून बोलायच्या. त्यामुळे बोलणं थोडं कमी झालं, हा एक वेगळाच फायदा.

माणसांनी कापड ताणून छताला ठोकलं आणि ती गेली. बाई त्याच्या चेहऱ्यावर वाकली नाही, मुद्दाम बाजूला उभी राहिली. तो वर बघत होता. ट्रक चालवणारा माणूस नवीन चढ बघतो तसा, भुवया एकत्र करून, एकटक.

“ठिपके आहेत,” तो म्हणाला. “चांगले आहेत.”

बाईचं अवसान गळालं. हाही मालकांच्याच जातीचा निघाला की काय? मग तिच्या ध्यानात आलं, हा तपासनीसासारखा बघतोय.

“टक लावू नका,” ती म्हणाली. “रस्त्यावर कसे बघता? पुढची गाडी, मग आरसा, मग कडेचा दगड, मग परत गाडी. तसं बघा. मान नाही, नुसते डोळे.”

 ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. बुबुळं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली, परत आली, पुन्हा गेली. चादरीखाली त्याचा पाय आल्या दिवसापासून हलत असायचा, तो हळूहळू थांबला. किती वेळ गेला कोण जाणे. खिडकीतलं ऊन पायाच्या बाजूनं वर सरकलं होतं.

“अगं,” तो अगदी हळू म्हणाला, “सुटली गाडी.”

त्या दिवसापासून घराला वेगळाच नूर आला. दुपारी खोलीत उजेड मऊ असायचा, पडदा अर्धा ओढलेला. वरची चाकं फिरत असायची. जोरात नाही, पाण्यात काही सोडलं की ते जसं आपल्या मनानं वळतं तशी. एक डावीकडे, त्याच्या शेजारचं उजवीकडे, पलीकडचं पुन्हा डावीकडे, आणि सगळं छत मिळून कुठेतरी निघालेलं. तो त्या चाकांमध्ये रस्ते बघायचा. निळ्या-पांढऱ्याच्या मध्ये एक खारवट सपाट मुलूख होता, तिथे म्हणे दिवसभर चालवलं तरी एक झाड लागत नाही. पिवळ्याच्या कडेनं घाट चढायचा. वळणावर धुकं लागलं की तो डोळे बारीक करायचा, आणि चाकं खरोखरच मंद व्हायची. घाट उतरला की एक चहाची टपरी होती. तिथे तो थांबायचा आणि बाईला सांगायचा, चहा टाक. ती टाकायची. चमच्यानं पाजायची. मग तो पुढे निघायचा.

आणि मान? मान वाळूत रुतल्यासारखी शांत. पिशव्यांच्या कडा जशाच्या तशा. दारावर टकटक झाली तरी तो वरूनच विचारायचा, कोण आहे?

डॉक्टरीणबाई आठवड्याच्या तपासणीला घरी आल्या तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. रुग्णाला तपासायच्या आधी पाच-दहा मिनिटं त्या छतच तपासत होत्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. डोळा म्हणे कधीच जागेवर नसतो, सारख्या बारीक उड्या मारत असतो. प्रत्येक उडीला ठिपक्यांची खबर नव्यानं आत मेंदूकडे जाते. काळ्या-पांढऱ्याची ठळक खबर आधी पोचते, निळ्या-पिवळ्याची जरा मागून. ही मागेपुढे झालेली खबर बघून मेंदूला वाटतं, जे इथे होतं ते तिथे गेलं, म्हणजे चाललं. अजून सगळं नीट उलगडलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. चक्कर आली तर डोळे मिटायचे, बाकी राहू दे, छान आहे. बाईला एवढं कळलं की चालतो तो ठिपका नव्हे, बघणारा चालतो. वन्संनी भिंतीकडे बघत विचारलं, म्हणजे वेड नाही ना लागणार?

सुट्टीच्या दिवशी वन्सं यायच्या नाहीत. अशाच एका दुपारी त्यानं बाईला म्हटलं, तू काय तिथे उभी राहून माझं तोंड बघतेस, ये की इथे. तिनं दुसरी खाट ओढून त्याच्या उजव्या अंगाला लावली आणि आडवी झाली. भर दुपारी, कामं पडलेली असताना, आयुष्यात पहिल्यांदा. आपण काहीतरी चोरून करतोय असं तिला वाटलं. मग चाकं फिरायला लागली आणि ते वाटणंही विरून गेलं.

तो म्हणाला, ते कोपऱ्यातलं बघ, कसलं पळतंय. तिनं कोपऱ्यात पाहिलं तर ते उभंच. तिनं दाखवलेलं त्याला उभं, त्यानं दाखवलेलं तिला उभं. दोघं हसायला लागले. त्याला हसायचीही बंदी होती, म्हणून तो नुसता नाकानं हसत होता.

“बघायला गेलं की थांबतं गं हे,” तो म्हणाला. “न बघितलेलं तेवढं चालतं.”

मग त्यांनी एकमेकांना दाखवायचा नाद सोडला. तो त्याच्या रस्त्यानं, ती तिच्या. पण हात एकमेकांत असायचे, आणि त्याचा हात ऊन असायचा, जिवंत, पाचही बोटांनी धरणारा. तो हात तसाच राहावा यासाठी तर हे सगळं चाललं होतं.

खरं सांगायचं तर बाई त्या दिवसांत सुखात होती, आणि त्या सुखाची तिला चोरी वाटत होती. नवरा मोडून पडलाय आणि आपण संध्याकाळी घराकडे जवळजवळ पळत येतो, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दर आठवड्याला डॉक्टरीणबाई म्हणायच्या, हाड छान धरतंय. तिच्या जिवात जीव यायचा आणि त्याच क्षणी आत कुठेतरी टोचायचंही. हाड जुळलं की भिंगरीही जुळणार. मग तो उठणार, दारातून खिडकीत आणि खिडकीतून दारात. ती मनाला दटावायची आणि पिशव्या आणखी घट्ट बसवायची. त्यात तिनं कधी कसूर केली नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं.

शेवटच्या दिवसांत डाव्या अंगाच्या भिंतीकडचा एक खिळा निसटला आणि कापडाचा कोपरा लोंबायला लागला. सुट्टीचा दिवस, दुपार. बाई हातोडी घेऊन स्टुलावर चढली. तो खालून सांगत होता, उद्या तुझ्या वन्संच्या मुलाला सांगू, तू नको चढूस. ती म्हणाली, एक खिळा ठोकायला काय पैलवान लागतो? आणि हात उंचावला, आणि स्टुलाचा पाय फरशीवर सटकला.

ती पाठीवर पडली. खाटेच्या आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. हातोडी घरंगळत कुठेतरी गेली. श्वास असा गेला की छातीत हवा म्हणून उरली नाही. दुखत काहीच नव्हतं. फक्त श्वास आत येईना आणि आवाज बाहेर पडेना.

वर तो तिला हाक मारत होता. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिला खालून खाटेची कड दिसत होती, वाळूची पिशवी दिसत होती, आणि पिशवीच्या वर त्याच्या डोळ्याचा कोपरा. डोळा तिच्या बाजूला इतका ताणलेला होता की नुसतं पांढरंच दिसत होतं. तो तिला शोधत होता आणि ती त्याच्या नजरेच्या हातभर खाली होती. वळू नका, वळू नका, असं ती म्हणत होती. ओठ हलत होते, बाकी काही नाही.

आणि तेवढ्यात, कोणाला सांगण्यासारखं नाही, पण तिला एक क्षण वाटलं की यानं वळावं. सगळं जाऊ दे, एकदा माझ्यासाठी यानं वळून बघावं. ते मनात आलं आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की अंगावर काटा उभा राहिला.

“बोल काहीतरी,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “बोलली नाहीस तर मी वळतोय.”

त्याचा हात आला. त्यानं डाव्या पिशवीवर बोटं रोवली आणि पिशवी ढकलली. खाटेच्या कडेवरून ती कलली. वाळूची बारीक धार तिच्या तोंडावर पडली.

बाईनं सगळा जीव हातात आणला आणि तळवा फरशीवर आपटला. एकदा. पुन्हा एकदा.

हात थांबला. पिशवी अर्धी बाहेर, हात अजून पिशवीवर.

“तूच ना?” त्यानं विचारलं. तिनं फरशीवर थाप मारली. हातपाय हलतायत का, असं त्यानं विचारलं. तिनं आधी हलवून पाहिले, मग थाप मारली. डोकं फुटलं का? यावर ती गप्प राहिली. तो पुन्हा घाबरला. मग त्यालाच समजलं, नाही म्हणायला तिच्याकडे वेगळी थापच नव्हती. त्यानं पिशवी ओढून परत डोक्याला लावली आणि म्हणाला, “उठू नकोस लगेच. पडून राहा. मान हलवू नकोस.” हे तो तिला सांगत होता. तिच्या छातीत पहिली हवा आली ती हुंदक्याची होती की हसण्याची, तिलाही कळलं नाही.

बराच वेळ दोघं तसेच पडून होते, तो वर आणि ती खाली. कापडाचा सुटलेला कोपरा मधे लोंबत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी सरळ कानांत जात होतं, आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही. त्याचा हात खाटेवरून खाली, तिच्या दिशेनं लोंबत होता. तो तिनं धरला.

“मी वळलो असतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे,” ती म्हणाली. आवाज आला होता.

पंधरवड्यानं दवाखान्यात नवा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाला धरला आणि त्या मनापासून हसल्या. हाड जुळलं होतं. दवाखान्यात आणताना मानेला बांधलेला पट्टा काढला, त्याला खुर्चीवर बसवलं. ट्रकचं पुढे बघू, असं त्या म्हणाल्या, सहा महिने तरी नाव काढू नका. मग म्हणाल्या, आता मान वळवा, सावकाश, आधी उजवीकडे.

तो बसून राहिला.

त्यांनी पुन्हा सांगितलं. काही होणार नाही, मी आहे ना. त्याच्या कपाळावर घाम आला. घाटात ब्रेक निकामी झालेला ट्रक हसत हसत उभा केलेला माणूस तो, गुडघ्यांवर हात ठेवून पुतळ्यासारखा समोरच्या भिंतीकडे बघत होता. इतके दिवस धरून ठेवलेली मान आता त्याला सोडता येईना. उजवीकडे खिडकी होती. बाहेर रस्ता होता, गाड्या चालल्या होत्या, कुणाचा तरी भोंगा वाजत होता. तरीही नाही. डॉक्टरीणबाईंनी हात टेकले आणि बाईकडे पाहिलं.

बाई त्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसली होती. इतके दिवस ती एकच वाक्य बोलत आली होती, सकाळ-संध्याकाळ, उठता-बसता. 

“वळा आता,” ती म्हणाली.

तो वळला. उजवीकडे नाही. डावीकडे, हळूहळू, गंजलेलं दार उघडावं तसा. मान अर्ध्यात अडली, तेव्हा राहिलेलं अंतर डोळ्यांनी कापलं. इतके आठवडे तिचा चेहरा त्यानं वरून वाकलेला पाहिला होता, आणि त्याआधीची वर्षं दारातून निघता निघता. आता ती शेजारी बसलेली होती, बाजूनं दिसत होती, कान, मान, कानामागून अंबाड्यात गेलेले केस. तो बघत राहिला. कसलीही घाई नसल्यासारखा बघत राहिला.

“हे कधी झाले गं पांढरे?” त्यानं विचारलं.

“तुम्ही बघत नव्हता तेव्हा,” ती म्हणाली.